खडकाला मारलेली टिचकी

माठ घेताना आपण त्याला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवरचा खडक कसा आहे, त्याच्या छिद्रांत पाणी आहे की वायू, हे भूभौतिकशास्त्रज्ञ जवळजवळ असंच ओळखतात. जमिनीवर छोटा सुरुंग उडवतात, समुद्रात जहाजामागून दाबलेली हवा एकदम सोडतात. लहर खाली जाते, खडक बदलला की तिचा थोडा भाग परत फिरतो आणि वर मांडलेली यंत्रं तो टिपून घेतात.

लहर सरळ खाली गेली तर हिशेब सोपा असतो. खडकाची घनता आणि त्यातला लहरीचा वेग यांचा गुणाकार करायचा. दोन्ही थरांच्या गुणाकारांची वजाबाकी करून तिला त्यांच्या बेरजेने भागलं, की किती लहर परतेल ते कळतं. पण लहर तिरपी आदळली की एकीच्या चार होतात. दोन वर येतात, दोन खाली जातात. प्रत्येक जोडीत एक प्राथमिक, म्हणजे खडकाला दाबत-ताणत जाणारी, आणि एक दुय्यम, म्हणजे त्याला आडवं हलवत जाणारी. या चौघींचं गणित जर्मनीत गॉटिंगेनच्या कार्ल झोप्रिट्झ या तरुणाने मांडलं. १९०८ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी तो वारला. त्याचा निबंध छापून आला १९१९ मध्ये.

गणित अचूक होतं, पण समीकरणांचा पसारा एवढा, की उत्तर मिळालं तरी ते कशामुळे आलं हे कळत नसे. घनतेमुळे? वेगामुळे? खाणाखुणा वाचणाऱ्याला तेच तर हवं असतं. मग बोर्टफेल्ड यांनी १९६१ मध्ये, अकी आणि रिचर्ड्‌स यांनी १९८० मध्ये आणि शूए यांनी १९८५ मध्ये हे गणित सुटसुटीत केलं. शेजारच्या दोन थरांत फरक थोडाच असतो असं धरलं, की बारीकसारीक पदं सोडून देता येतात.

सोडून दिल्याने किती बिघडतं? सरळ जाणाऱ्या लहरीचंच उदाहरण घेऊ. समजा वरच्या शेल या गाळाच्या खडकात वेग सेकंदाला २७०० मीटर, घनता पाण्याच्या २.२ पट, खाली वायू भरलेल्या वालुकाश्मात वेग २४००, घनता २ पट. पूर्ण सूत्राने १०.६१ टक्के लहर उलटी होऊन परतते. आता सोपी रीत: दोन थरांच्या सरासरीच्या मानाने वेगात शेकडा किती फरक, घनतेत शेकडा किती, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. उत्तर येतं १०.६४ टक्के. शिवाय यातला वेगाचा वाटा किती आणि घनतेचा किती, हेही वेगवेगळं दिसतं. मला हा जाणून-बुजून केलेला अंदाज फार मोलाचा वाटतो.

शूए यांच्या मांडणीत साधारण ३० अंशांपर्यंत दोनच आकडे पुरतात: सरळ लहरीचा प्रतिसाद, आणि कोन वाढेल तसा त्यात होणारा बदल. वायूचा सुगावा लागतो तो या दुसऱ्या आकड्यात. दुय्यम लहर द्रवातून किंवा वायूतून जात नाही, ती खडकाच्या सांगाड्यातूनच जाते. छिद्रांत पाण्याऐवजी वायू आला की प्राथमिक लहर मंदावते, दुय्यम जवळपास तशीच राहते. दोन वेगांचं हे बिघडलेलं नातं कोन वाढल्यावर उघड होतं. वायू असलेल्या वाळूच्या थरावरून येणारं परावर्तन कोनाबरोबर वाढू शकतं, हे ऑस्ट्रँडर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं.

तरी सावध राहावं लागतं. छिद्रांत थोडासाच वायू असला तरी प्राथमिक लहर खूप मंदावते. त्यामुळे खुणा भरघोस वायूच्या दिसतात आणि विहीर खणल्यावर हाती काही लागत नाही. लहरींवरून वायू आहे असं म्हणता येतं. किती आहे, ते सांगणं फार अवघड.

आपल्या पायाखाली तर वेगळीच अडचण आहे. दख्खनचा काळा बेसॉल्ट टणक, त्यात लहरी भरधाव जातात. त्याखाली गाळाचे खडक असतील तर तिथे त्या एकदम मंदावतात. दोन थरांत फरक थोडा आहे, हे गृहीतकच इथे टिकत नाही. अशा ठिकाणी सोपी सूत्रं बाजूला ठेवून झोप्रिट्झची १९१९ची पूर्ण समीकरणंच सोडवावी लागतात.