ब्राउझरच्या पोटात लिस्प

१९९५ साली ब्रेंडन आइक नेटस्केप कंपनीत आले, ते ब्राउझरमध्ये 'स्कीम' आणायच्या आशेने. स्कीम ही लिस्पच्याच घराण्यातली भाषा. कंपनीला मात्र जावासारखी दिसणारी भाषा हवी होती, आणि दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा राहिला. गंमत म्हणजे आज त्याच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले स्कीमचे इंटरप्रिटर ब्राउझरमध्ये चालतात. 'बीवास्कीम' हा त्यांपैकीच एक.

इंटरप्रिटरचं काम तसं सुटसुटीत आहे. 'कंस सुरू, अधिक, दोन, तीन, कंस बंद' एवढं लिहिलं, की आधी त्याचे तुकडे पाडून यादी बनते. यादीतलं पहिलं पद ही क्रिया, बाकीच्या पदांची किंमत काढायची, उत्तर पाच. आत आणखी यादी असली, तर ती आधी सुटते. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी हे नियम सिद्धांत म्हणून कागदावर मांडले होते. ते सरळ आयबीएम ७०४ या यंत्रावर चालवायचं सुचलं त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांना!

अडचण वेगळीच आहे. स्कीममध्ये फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतं. इंटरप्रिटर भाबडेपणाने लिहिला असेल, तर अशा हजारो हाकांनी जावास्क्रिप्टचा स्टॅक, म्हणजे या हाकांची नोंद ठेवणारी जागा, भरून जातो. न संपणारा फेरा सुरू झाला, तर अख्खं पानच गोठतं. म्हणून इंटरप्रिटर वेब वर्करमध्ये, पानापासून वेगळा चालवलेला बरा. तिथे तो मध्येच बंदही करता येतो.