जादा पैशाचे डिझेल: फायदा कोणाचा?

(ठाण्यात टेंभी नाक्यावर झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा.)



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांची बैठक ठाण्यात, तीही टेंभी नाक्यावर कशाला, असे येताना गाडीत दोघा-तिघांनी विचारले. देवीच्या नवरात्रासाठी हा नाका प्रसिद्ध आहे, शेतीसाठी नाही. पण कोरडवाहूत भागत नाही म्हणून आपली पोरे इथेच येऊन टेम्पो, पिकअप, डंपर चालवतात. भिवंडीची गोदामे, घोडबंदरचा रस्ता, कल्याणची बाजार समिती त्यांना पाठ आहे. गावाकडे बाप ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल ओततो, इकडे पोरगा गाडीच्या टाकीत. घर एक, टाक्या दोन, आणि दोन्हींचे पैसे शेवटी एकाच खिशातून जातात. म्हणून ही बैठक इथे.

आजचा प्रश्नही या पोरांनीच काढला. पंपावर गाडी लावली की नळी हातात घेतलेला माणूस विचारतो, "साधं टाकू की प्रीमियम?" प्रीमियमला लिटरमागे दोन, तीन, चार रुपये जादा. तो सांगतो, अ‍ॅव्हरेज वाढते, इंजिन साफ राहते, पिकअप सुधारते. आता हेच डिझेल तालुक्याच्या पंपावरही मिळू लागले आहे आणि ट्रॅक्टरवाले त्याच्याच नावाने नांगरटीचा दर वाढवून मागत आहेत. तेव्हा हे जादा पैसे द्यावेत की नाही?

आधी डिझेल काय असते ते पाहू. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे इंधन आले. या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग चालते. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती, बीएस-३ मध्ये ३५०. डिझेल दाबाखाली किती लवकर पेट घेते ते मोजणाऱ्या आकड्याला सीटेन म्हणतात. तो बीएस-२ च्या काळात किमान ४८ होता, आता किमान ५१ लागतो. नोझल आणि पंपाची झीज होऊ नये म्हणून डिझेलला वंगणपणा किती हवा, त्यात पाणी किती चालेल, याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. म्हणजे आज ज्याला आपण 'साधे' म्हणतो, ते डिझेल आपल्या वडिलांच्या काळात पैसे देऊनही मिळत नव्हते.

प्रीमियममध्ये तेल तेच असते. त्यात थोडी औषधे मिसळलेली असतात. नोझलवरचा काजळीचा थर धुणारे एक, पाणी वेगळे पाडणारे एक, फेस कमी करणारे एक, गंज रोखणारे एक, कधी सीटेन थोडा वाढवणारे एक. ही औषधे खोटी नाहीत. ती काम करतात. पण कुठे करतात आणि आपल्याला किती उपयोगाची, हे बघावे लागते.

नव्या पिकअपमध्ये, कारमध्ये कॉमन रेल इंजिन असते. त्यात डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने केसाएवढ्या भोकांतून उडते. तिथे जरा काजळी धरली तरी फवारा बिघडतो, म्हणून धुणाऱ्या औषधाला तिथे काम आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले, त्यामुळे त्या मोठ्या ट्रॅक्टरांतही अशी इंजिने आली. पण आपल्या गावात किती जणांकडे ५० च्या वरचा ट्रॅक्टर आहे? आपल्याकडे ३५, ४०, ४५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर, त्यातले बरेच दहा-पंधरा वर्षांचे. आणि विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन तर आजोबांच्या वेळचे. यांचे नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडते. ते रांगडे यंत्र आहे. ते बिघडते ते औषध नसल्यामुळे नाही. धुळीने, पाण्याने आणि आपल्या हयगयीने बिघडते. राहता राहिला सीटेनचा फायदा. तो मुख्यतः थंडीत इंजिन सुरू करताना जाणवतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात नांगरटी करणाऱ्याला त्याचे काय?

आता पैशाचा हिशेब करू. समजा साधे डिझेल ९० रुपये आणि प्रीमियम ९४. ९,००० रुपयांत साधे १०० लिटर येते, प्रीमियम पावणेशहाण्णव लिटर. म्हणजे जे काम १०० लिटरमध्ये होत होते ते पावणेशहाण्णव लिटरमध्ये झाले, तर कुठे बरोबरी होईल. सव्वाचार टक्के बचत झाली तर फायदा शून्य आणि तोटा शून्य. त्यापुढे जे वाचेल तो नफा.

कंपन्या काय म्हणतात? इंडियन ऑइलने 'एक्स्ट्राग्रीन' नावाचे डिझेल आणले, तेव्हा पाच ते सहा टक्के बचतीचा दावा केला. दावा खरा धरला तरी तो चाचणीतल्या इंजिनाचा आहे, काळ्या मातीत वापसा चुकवून नांगरणाऱ्या आपल्या ट्रॅक्टरचा नाही. आणि तो जसाच्या तसा आपल्याला लागू पडला तरी बरोबरीच्या वर हाती राहतो टक्का-दीड टक्का.

वर्षाला २,००० लिटर जाळणारा ट्रॅक्टर धरा. लिटरमागे ४ रुपये जादा म्हणजे ८,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये जाहीर झाली होती. म्हणजे जवळजवळ एक क्विंटल कापूस औषधाच्या नावाने टाकीत ओतायचा. (तो भाव हातात पडतो का, हा प्रश्न आज काढत नाही. काढला तर रात्र सरेल.)

आता हे जादा चार रुपये जातात कुठे? हे पंपावरचा माणूस सांगत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात साध्या डिझेलवर मूळ उत्पादन शुल्क लिटरला १ रुपया ८० पैसे ठेवले आणि नावाच्या, म्हणजे ब्रँडेड डिझेलवर ४ रुपये २० पैसे. फरक २ रुपये ४० पैसे. त्यावर राज्याचा २१ टक्के कर, म्हणजे आणखी ५० पैसे. असे २ रुपये ९० पैसे झाले. चार रुपयांतले जवळजवळ तीन रुपये सरकारच्या तिजोरीत जातात, औषधात नाही. इंजिन साफ होईल तेव्हा होईल, खिसा आधी साफ होतो. त्याच अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरला ४ रुपये कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर बसवला. म्हणजे शेतीच्या विकासासाठी शेतकऱ्याच्याच नांगरटीवर कर!

औषध किती स्वस्त असते याचा पुरावाही इथून जवळच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी मुंबईत नावडे येथे जिओ-बीपीचा पहिला पंप सुरू झाला. तेव्हा कंपनीने जाहीर केले की आमच्याकडे साध्या इंधनातच हे औषध मिसळलेले असेल आणि त्याचे जादा पैसे घेणार नाही. आम्ही त्या कंपनीची जाहिरात करायला आलेलो नाही. पण एक व्यापारी जी वस्तू फुकट घालून देऊ शकतो, तिची किंमत लिटरमागे चार रुपये असणार नाही एवढे आपल्याला कळते.

भावांनो, आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो आणि पुढे कपाशीवरच्या 'टॉनिक'चे तमाशे डोळ्यांनी पाहिले. दुकानदार सांगतो, फवारा, पऱ्हाटी हिरवीगार होते. फवारल्यावर चार दिवसांनी पाऊस पडतो आणि पऱ्हाटी खरोखर हिरवी होते. श्रेय टॉनिकला. कोणी चार तासे न फवारता सोडत नाही, म्हणून टॉनिकचे पितळ उघडे पडत नाही. प्रीमियम डिझेलचे तेच आहे. ज्याने भरले तो म्हणतो फरक पडला. पण त्या दिवशी वापसा चांगला होता का, फाळ नवा होता का, ड्रायव्हर दुसरा होता का, हे कोणी लिहून ठेवत नाही. नुसत्या ओलाव्याच्या फरकाने नांगरटीच्या डिझेलमध्ये पाच टक्क्यांहून जास्त फेर पडतो. मग पाच टक्क्यांचा दावा डोळ्यांनी कसा कळणार?

बघायचेच असेल तर असे बघा. एकाच वावराचे आठ सारखे पट्टे पाडा. ट्रॅक्टर तोच, ड्रायव्हर तोच, गिअर तोच, अवजार तेच, खोली तीच. एक पट्टा साध्यावर, एक प्रीमियमवर, असे आलटून पालटून. टाकीऐवजी खुणा केलेल्या कॅनमधून इंजिनला डिझेल द्या, डिझेल बदलताना नळी आणि फिल्टरमधले जुने आधी जळू द्या, आणि प्रत्येक पट्ट्याला किती लागले ते मोजा. चारही जोड्यांत प्रीमियमने सव्वाचार टक्क्यांहून जास्त वाचवले, तर खुशाल घ्या. आम्ही अडवणार नाही. कोणी म्हणेल की धुणाऱ्या औषधाचा गुण एका दिवसात दिसत नाही. बरोबर आहे. मग महिनाभर वापरून हाच प्रयोग पुन्हा करा. वही मात्र ठेवा.

या सव्वाचार टक्क्यांच्या मागे धावताना आपण कुठे कुठे चार-चार टक्के सांडतो, ते आता पाहू. पहिली सांड पंपावरच. जून २०१७ पासून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यभरच्या पेट्रोल पंपांवर छापे घातले. मशीनच्या आत मोजणीच्या भागात फेरफार केलेले सापडले. आकडा पूर्ण दिसायचा, तेल कमी पडायचे. पाच लिटरमागे २०० मिलिलिटर कमी मिळाले तर चार टक्के गेले, म्हणजे प्रीमियमची सगळी कमाई नळीच्या तोंडाशीच संपली. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावेच लागते आणि गिऱ्हाइकाने मागितले तर मोजून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. डिझेलची घनताही तपासून मागता येते. त्या दिवशी फलकावर लिहिलेल्या आकड्याशी ती जुळली पाहिजे, फरक ३ च्या आत. माप मागायला लाजू नका. आपला कापूस काट्यावर चढतो तेव्हा व्यापारी लाजतो का?

भेसळीचा धोका वेगळा, आणि तो किती भयंकर आहे हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधनाची चोरी आणि भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. पुष्कळ लोक प्रीमियम घेतात ते अ‍ॅव्हरेजसाठी नाही. महाग आहे म्हणजे निर्भेळ असेल, या भरवशावर घेतात. हा भरवसा चुकीच्या जागी ठेवलेला आहे. साधे आणि प्रीमियम एकाच आवारातल्या जमिनीखालच्या टाक्यांतून येते. मालक लबाड असेल तर नाव बदलल्याने तो सज्जन होत नाही.

दुसरी सांड घरी. पत्र्याचे बॅरल उघड्यावर, बुच ढिले, पावसाळ्यात आत पाणी. बॅरल सावलीत, थोडे तिरपे ठेवा, तळचे चार बोटे डिझेल उपसू नका आणि ओतताना गाळून घ्या. नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दहा तासांत ३६,००० थेंब, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास. एवढे थांबवायला एक वायसर लागतो.

तिसरी सांड वावरात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर चुन्याची खूण करा. अवजार उचलून चाक दहा फेरे फिरेपर्यंत किती अंतर गेले ते मोजा, मग नांगर लावून तेच करा. मोकळे ४० मीटर आणि नांगरासह ३४ मीटर भरले तर घसर १५ टक्के, चालून जाईल. ३० मीटर भरले तर चाक चौथा हिस्सा जागेवरच फिरते आहे आणि डिझेल धुरात जाते आहे. टायरची हवा पाहा, वजन घाला, नक्षी गेली असेल तर टायर बदला. वखर, कल्टिव्हेटर अशा हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवा. एअर क्लीनरचे ऑइल उन्हाळ्याच्या धुळीत रोज पाहा. काळा धूर दिसला तर बाटलीतले औषध न ओतता नोझल काढून मिस्त्रीकडे तपासून घ्या. ते काम काही शे रुपयांत होते. विहिरीच्या इंजिनाचा फुटव्हॉल्व्ह गळत असेल तर त्यात सोन्याचे पाणी ओतले तरी उपयोग नाही.

एक गोष्ट ठाण्याची म्हणून सांगतो. २८ जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई भागातला डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के केला. तो १ जुलैपासून लागू झाला आणि इथे लिटरमागे दोन रुपयांच्या आसपास उतरले. आपल्या जिल्ह्यांत कर आधीपासूनच २१ टक्के होता, म्हणून आपल्याला काही मिळाले नाही. त्यात कुरकुर करण्यासारखे काही नाही. पण कागदावरच्या एका ओळीने दोन रुपये उतरतात हे दिसले. ते दोन रुपये कोणत्याही औषधाने एवढ्या खात्रीने वाचवलेले नाहीत.

तेव्हा इथल्या पोरांना आमचे सांगणे असे. गाडी नवी, कॉमन रेलची असेल आणि जादा दर लिटरमागे दोन रुपयांच्या आत असेल, तर महिनाभर वापरून वहीत मांडून पाहा. गावाकडच्या जुन्या ट्रॅक्टरला आणि विहिरीच्या इंजिनाला साधेच घाला. आणि कोणी प्रीमियमच्या नावाने एकरी जादा दर मागितला, तर त्याला पावती दाखवायला सांगा. पुढच्या जिल्हा बैठकीला दोन कॅन आणि पाच लिटरचे माप आम्ही आणतो. पट्ट्यांसाठी वावर आणि ट्रॅक्टर कोण देणार, त्यांनी आज जाण्याआधी नावे लिहून द्यावीत.