अडखळणाऱ्या वाणीला हवा जाणता कान



शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाला हजेरीच्या वेळी 'हजर' हा शब्द उच्चारता येत नसे. पहिल्याच अक्षरावर त्याचा श्वास अडे आणि तोवर गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असत. वर्गात बसूनही त्याची गैरहजेरी लागे. पुढे त्याने शाळाच सोडली. त्याला हसणाऱ्यांत मीही होतो, हे आज आपणांसमोर कबूल केले पाहिजे.

तोतरेपणा हा बुद्धीचा दोष नव्हे, की भित्रेपणाचे लक्षणही नव्हे. मेंदूतील वाणीनियंत्रणाशी आणि आनुवंशिकतेशी त्याचा संबंध असल्याचे संशोधनाने दाखविले आहे. शंभरांपैकी सुमारे ५ बालके लहानपणी केव्हातरी अशी अडखळतात. बहुतेकांचे बोलणे पुढे सुरळीत होते. प्रौढांत हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास राहते.

या बालकांना साहाय्य करणारे वाचोपचारतज्ज्ञ घडविण्याचे कार्य म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत १९६५ पासून, तर मुंबईत वांद्रे येथील राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून चालू आहे. या शिक्षणात शरीरशास्त्र, भाषाशास्त्र व मानसशास्त्र यांबरोबरच रुग्णांसमवेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक मानला जातो.

परंतु केवळ ग्रंथज्ञानाने हे काम साधत नाही. अमेरिकेतील विख्यात तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) स्वतः तोतरे होते. अडखळणे लपविण्याच्या धडपडीतूनच भीती वाढते, म्हणून आधी ती भीती कमी केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अनेक प्रशिक्षणक्रमांत विद्यार्थ्यांना दुकानात किंवा दूरध्वनीवर मुद्दाम अडखळत बोलावयास लावतात. दुकानदाराची चुळबूळ, शेजारच्या गिऱ्हाइकाचे हसू आणि कोणी मध्येच पुरे केलेले वाक्य यांची बोच एकदा स्वतः अनुभवली, की समोरच्या रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

हीच दृष्टी गावोगाव पोहोचावयास हवी. प्रत्येक गावी तज्ज्ञ असणे शक्य नाही. शिक्षक मात्र प्रत्येक शाळेत आहेत. मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. 'सावकाश बोल' असे वारंवार बजावू नये. तोंडी परीक्षेत त्याला अधिक वेळ द्यावा. हजेरीला हात वर केला तरी ती उपस्थिती मानावी. वेखंड चाटविण्यात काळ न दवडता, अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील बालकांच्या तपासणीची तरतूद आहे. पंचायत सदस्यांनी त्या वेळी अशा बालकांची आवर्जून चौकशी करावी.

माझ्या त्या सोबत्याला औषधाची गरज नव्हती. त्याला हवे होते फक्त काही क्षण थांबणारे गुरुजी आणि न हसणारा शेजारी. तेवढे आपण आजपासून देऊ शकतो. उद्याच्या हजेरीला आपल्या वर्गातील एखादे मूल अडले, तर कृपया पुढच्या नावाकडे वळू नका.