घरांचे चौरस फूट आणि गावाची उतरंड

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. निसर्गाने कोणाचा सातबारा पाहिला नाही. पुनर्वसनाने मात्र तो पाहिला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घर केवढे मिळणार हे कुटुंबात माणसे किती यावर ठरले नाही, जमीन किती यावर ठरले. भूमिहीनाला आणि हेक्टरभर जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला 750. या नियमात जातीचा उल्लेख नव्हता. त्याची आवश्यकताच नव्हती. मराठवाड्यात जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या नावावर आहे आणि मजुरीला कोण जाते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या तीन आकड्यांत जुन्या गावाचीच उतरंड दिसेल.

जात म्हणजे केवळ मनातील दुरावा, शिक्षण वाढले की तो आपोआप ओसरेल, अशी एक समजूत आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अपुरी आहे. जात ही श्रमाची आणि मालकीची व्यवस्था आहे. महाराने सांगावा न्यावा, मेलेले ढोर ओढावे. मांगाने दोर वळावेत. आणि त्याबदली खळ्यावरचे बलुते घ्यावे. या व्यवस्थेत काम जन्माने ठरत होते, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर होता. 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्धांनी ही कामे नाकारली. तो स्वाभिमानाचा निर्णय होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. बलुते गेले, पण जमीन आली नाही. ज्याचे बलुते सोडले त्याच्याच बांधावर रोजंदारीला जाणे, किंवा पाडव्याला साल ठरवून गडी म्हणून राहणे, एवढाच मार्ग पुष्कळांपुढे उरला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 1978 साल उलगडते. 27 जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्याला त्याची झळ फार मोठी बसली. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठ औरंगाबादेत, मग त्याच्या पाटीवरून दूरच्या खेड्यातील शेतमजुराचे घर का जळावे? कारण वाद पाटीपुरता नव्हता. शिकलेला, नोकरी मागणारा, गावकी नाकारणारा आणि गायरान कसू लागलेला दलित गावाच्या सत्तेला नको होता. म्हणून घरांबरोबर वर्षाचे धान्य जळाले, आणि जेथे आग लागली नाही तेथे बहिष्काराने काम तोडले. ज्याच्यापाशी स्वतःची जमीन नाही, त्याला उपाशी ठेवण्यास गावाचा एक निर्णय पुरतो.

पुढे सोळा वर्षे लढा चालला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने नवे विद्यापीठ निघाले आणि नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्याच्याकडे गेले. ज्या जिल्ह्याने त्या नावासाठी रक्त दिले, तेथील पदवीवर ते नाव उमटण्याचा काळ असा काही महिन्यांचाच ठरला. नवे विद्यापीठ हवेच होते. प्रश्न त्याचा नाही. नाव मिळाल्यावर जमिनीचे काय झाले, हा आहे.

दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. पुढे मराठवाड्यात एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा प्रश्न गावोगाव नेला. 14 एप्रिल 1990 पूर्वीची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. पण कसणाऱ्याला आपला ताबा कागदाने सिद्ध करावा लागतो, आणि तो कागद गावातूनच निघतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात ठेवला. नोटीस मात्र झोपडीपर्यंत पोचते, अपवाद पोचत नाही. तो पोचविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

येथे समाजवादी चळवळीनेही स्वतःस तपासले पाहिजे. एस. एम. जोशी, बाबा आढाव नामांतराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु निजामाविरुद्ध लढलेल्यांपैकी काही मान्यवर प्रादेशिक अस्मितेच्या नावाखाली विरोधात गेले, हेही खरे. ‘आधी वर्ग, मग जात’ असे म्हणत राहिलेल्यांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही : कोरडवाहू शेतकरी आणि त्याचा मजूर दोघेही कर्जात असताना एकाने दुसऱ्याच्या घराला आग का लावावी? उतरंडीत खाली कोणीतरी आहे, हे समाधान गरिबाला गरिबापासून तोडते. जातीचे आर्थिक कार्य हेच आहे.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय नाही. 1 जून 2023 रोजी नांदेडजवळील बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत दर पाच माणसांमागे जवळजवळ एक अनुसूचित जातीचा आहे. एवढ्या मोठ्या समाजाला मिरवणुकीसाठी गावाची परवानगी लागत असेल, तर समतेची भाषा व्यासपीठापुरतीच राहिली असे म्हणावे लागेल.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावापासून प्रारंभ करावा. गायरान किती, ते कोण कसतो, कोणाचा दावा तहसिलीत पडून आहे, याची यादी करावी आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. स्मशानभूमी सर्वांना खुली आहे काय, हे विचारावे. बहिष्कार पडला तर ज्याच्या शेतात काम आहे त्या कार्यकर्त्याने पहिल्याच दिवशी त्या मजुरांना कामावर घ्यावे. शेजाऱ्यांचा रोष त्याच्यावर येईल. तो पत्करण्याची तयारी असेल, तरच जातिअंताच्या ठरावाला हात वर करावा.