आजींची भिंत

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका वृद्धाश्रमात मी भिंत सजवायला गेलो होतो. तिथे मेळघाटच्या एक कोरकू आजी होत्या. आदिवासी आजी, म्हणून मी वारली चित्रांचे नमुने नेले. चूक माझीच. वारली चित्रे डहाणू-तलासरीकडची. त्यांसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मेळघाटाशी त्यांचा काय संबंध? आजींनी कागद उलटा करून ठेवला. बोलल्या नाहीत. कोरकू ही संथाळीच्या कुळातली भाषा, मराठीच्या नात्यातली नव्हे, आणि आश्रमात ती जाणणारे कोणीच नव्हते.

पुढच्या खेपेस गेरू आणि पांढरी माती नेली. व्यवस्थापकांनी व्हरांड्याची भिंत दिली, तीही कुरकुरत. गार पाण्याला आजींनी हात लावला नाही, कोमट आणले. मग चिंधी बुडवून त्यांनी भिंतीच्या तळाशी गेरूचा सरळ पट्टा ओढला, वर बोटांनी पांढरे ठिपके. अकोल्याच्या एक आजी पाहत होत्या. म्हणाल्या, "आमच्याबी घरी असाच पट्टा राहे वो."

आता दोघी सकाळच्या उन्हाला तिथेच बसतात.

गेरू संपला आहे. आणि आपल्यापैकी कोरकू बोलणारे कोणी गुरुवारी माझ्यासोबत येईल का?