कानदुखीला हलके लेखू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. पण आमच्या घरी जे घडले ते आपल्यापैकी कुणाच्या घरी घडू नये, म्हणून चार शब्द बोलते.

२०२२ च्या श्रावणात माझ्या सासूबाईंचा उजवा कान ठणकू लागला. वय ७१, मधुमेह १५ वर्षांचा. कानाला खाज सुटे म्हणून त्या केसांतल्या आकड्याने कान कोरीत. मी आईकडून शिकले होते तेच केले. लसूण घालून तेल कोमट केले नि कानात सोडले. पुढे पू येऊ लागला, तेव्हा दुकानातून कानाचे औषध आणले. अंगात ताप नव्हता, म्हणून मी निर्धास्त राहिले. सासूबाई रात्ररात्र उठून बसत. मला वाटे, वयामुळे कुरकुरतात. हे कबूल करताना आज लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी चहा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. पाहते तो तोंड डावीकडे ओढलेले, उजवा डोळा मिटेना!

मग धावाधाव झाली. रक्तातली साखर ३०० च्या वर निघाली. कानाच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, स्कॅन करवला आणि आम्हांला समजावले. कान कोरून कातडीला जखम झाली, की ओलाव्यात वाढणारे स्यूडोमोनास नावाचे जंतू आत शिरतात. धडधाकट माणसाला बहुधा थेंबांनी आराम पडतो. पण मधुमेह असला, तर हेच जंतू कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतात. चेहऱ्याची नस तिथूनच जाते. ताप पुष्कळदा येतच नाही. हा कर्करोग नव्हे, पण वेळीच उपाय न झाल्यास जिवावर बेततो.

सहा आठवडे औषध चालले. आधी शिरेतून, मग गोळ्या. साखर काबूत ठेवली. डॉक्टर स्वतः कान साफ करीत. कान बरा झाला, तोंड मात्र हसताना अजून किंचित वाकडे होते.

तेव्हा भगिनींनो, कानात आकडा, काडी, तेल काही घालू नका. घरात मधुमेहाचे किंवा अशक्त, वयस्क माणूस असेल आणि कान रात्री झोपू देत नसेल, पू येत असेल, थेंबांनी चार दिवसांत उतार पडत नसेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. तोंड वाकडे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी जा. खाजगी खर्च झेपत नसेल, तर आपल्या ससून रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे.

सासूबाई आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या कुरकुरीकडे मी आता कानाडोळा करीत नाही.