गरोदरपणातील साखर : तपासणी दोनदा करा
(चाकण परिसरातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आम्ही आपणास नेहमी सांगतो. पीक हिरवेगार दिसले तरी जमिनीत काय कमी-जास्त आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तातील साखरेचेही तसेच आहे. बहुतेकींना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तपासणी राहून जाते.

गरोदरपणी वारेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो व काही स्त्रियांची साखर वाढते. जास्तीची साखर बाळाकडे जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढून प्रसूती अडू शकते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. पुढे आई व मूल दोघांनाही मधुमेहाचा धोका राहतो.

"आमची सून बारीक आहे, तिला कुठली साखर?" असे सासूबाई म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. पण दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका असतो. त्या वेळी जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. त्यातच कारखाने आले, शेतावरची चाल कमी झाली. तेव्हा अंगकाठीवर विसंबू नये.

तपासणी अशी करतात :

१. पहिल्या भेटीतच एकदा व २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नये.

२. उपाशी राहण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मि.लि. पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यावे. दोन तासांनी रक्त तपासतात.

३. साखर १४० मि.ग्रॅ. किंवा जास्त आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार सुरू करावा. दोन आठवड्यांत साखर आटोक्यात न आल्यास औषध किंवा इन्सुलिन देतात. त्यास घाबरू नये.

दुसऱ्या तपासणीची वेळ आणि लेकीने माहेरी जाण्याची वेळ जवळजवळ एकच असते. सासरी वाटते माहेरी होईल, माहेरी वाटते सासरी झाली असेल. म्हणून केसपेपर व माता-बाल कार्ड तिच्याबरोबर द्यावे.

आहारात भाकरी, उसळ, ताक व भरपूर पालेभाजी असावी. साखरेऐवजी गूळ चालतो, हा गैरसमज आहे. गुळानेही साखर वाढते. मात्र उपाशी राहू नये, थोडेथोडे खावे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. डिंकाचे लाडू किती द्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सुरू आहे. बंधूंनो, त्या दिवशी पाळी बदलून घ्या, पण घरच्या लक्ष्मीबरोबर स्वतः जा.